बेलासिस रोडवरचे औषध

कोकणातून, सोलापुरातून, नांदेडहून मुंबईला येणारी आमच्यासारखी मंडळी एसटीने आली की मुंबई सेंट्रलच्या आगारात उतरतात. तिथून नागपाड्याकडे जो रस्ता जातो त्याचे सरकारी नाव जहांगीर बोमन बेहराम मार्ग. पण जुने लोक अजूनही त्याला बेलासिस रोडच म्हणतात. आमच्यापैकी कितीतरी जणांचे मामू, खालू, चुलते या परिसरात राहिले, गोदीत आणि गिरणीत राबले, इथल्या खानावळीत जेवले. कुणी आजारी पडले की जे. जे. इस्पितळात नेले गेले. म्हणजे हा रस्ता आम्हाला परका नाही. तरीही १९३५ साली याच रस्त्यावर २८९ क्रमांकाचा एक बंगला दरमहा साडेतीनशे रुपये भाड्याने घेऊन ख्वाजा अब्दुल हमीद नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एक प्रयोगशाळा थाटली, आणि पासष्ट वर्षांनी तिच्यातून निघालेल्या एका गोळीने जगभरच्या औषधबाजाराची गणिते उलटीपालटी केली, ही गोष्ट आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

आमच्याकडे इतिहास म्हटला की किल्ले, फर्माने, सुफी संत आणि शायर यांची आठवण निघते. ती निघावीच. पण कारखान्याचा, प्रयोगशाळेचा, बाटलीवर चिकटवलेल्या लेबलाचा इतिहास कुणी सांगत नाही. औषध शोधणारा एक असतो, ते बनवणारा दुसरा, विकणारा तिसरा आणि ते न मिळाल्याने मरणारा चौथा. या चौघांचे आपसात नाते काय, हा प्रश्न हकीम-अत्तारांची परंपरा सांगणाऱ्या आम्हाला तरी पडायला हवा.

याच परिसरात हा प्रश्न त्याआधीही एकदा उभा राहिला होता. १८९६ च्या पावसाळ्यानंतर मांडवी भागात प्लेग निघाला. सरकारने वाल्डेमार हाफकिन या जीवाणुशास्त्रज्ञाला मुंबईत बोलावले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सरंजामावर त्याने लस तयार केली. प्लेगचे जंतू वाढवण्यासाठी मांसाचा रस्सा लागे. हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही भावना ध्यानात घेऊन हाफकिनने तो बोकडाच्या मांसाचा केला आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर चाचणी झाली.

लस सिद्ध झाली, पण लोक घेईनात. सरकारी सुईबद्दल नाना अफवा होत्या आणि प्लेगच्या नावाखाली घरात घुसणारे शिपाई लोकांनी पाहिले होते. तेव्हा एकोणीस वर्षांच्या आगाखान सुलतान मुहम्मद शाहांनी चारचौघांत स्वतःला लस टोचून घेतली आणि आपल्या अनुयायांना ती घ्यायला लावली. एवढेच नव्हे, तर आपली खुश्रू लॉज ही वास्तू हाफकिनच्या कामासाठी दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले, दोष हाफकिनवर आला आणि तो निर्दोष आहे हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. तो प्रसंग मोठा आहे, पण आमचा मुद्दा वेगळा. ही लस बाजारात आली नव्हती. ती सरकारने बनवली आणि सरकारने टोचली. तिचा मालक कोण, असा प्रश्नच निघाला नाही. चाळीस वर्षांनी बेलासिस रोडवर जे सुरू झाले त्यात मालकीचा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता.

ख्वाजा अब्दुल हमीद यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ चा, अलीगढचा. अलाहाबादेत त्यांनी रसायनशास्त्र शिकले. १९२० साली असहकाराची हाक आली तेव्हा ते त्या लाटेत उतरले. त्याच वर्षी अलीगढमध्ये जामिया मिल्लिया इस्लामिया स्थापन झाली. झाकिर हुसेन त्या पहिल्या फळीत होते आणि हमीदही तिथे रसायनशास्त्र शिकवू लागले. १९२४ मध्ये ते परदेशी निघाले. घरच्यांनी पाठवले इंग्लंडला, पण यांनी मध्येच जहाज बदलले आणि जर्मनी गाठली, असे सांगतात. त्या काळी रसायनशास्त्र शिकायचे तर जर्मनीत, हे त्यांनी ओळखले होते. बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. झाकिर हुसेनही त्याच काळात बर्लिनमध्ये शिकत होते. एक जण पुढे राष्ट्रपती झाला, दुसरा औषधनिर्माता. आमच्या सभासंमेलनांतून पहिल्याचे नाव वारंवार घेतले जाते, दुसऱ्याचे क्वचितच.

बर्लिनमध्येच त्यांची ओळख लुबा नावाच्या तरुणीशी झाली. ती मूळची लिथुआनियाकडची, ज्यू आणि विचारांनी कम्युनिस्ट. १९२८ साली दोघांचे लग्न झाले. पुढच्या काही वर्षांत जर्मनीत काय वारे वाहू लागले ते आपण जाणतो. हे जोडपे हिंदुस्थानात परतले, आणि १९३५ मध्ये 'केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज' या लांबलचक नावाची कंपनी नोंदवली गेली. अद्याक्षरे जुळवली की 'सिप्ला'. भांडवल दोन लाख रुपयांचे. १९३७ मध्ये पहिली औषधे बाजारात आली. ४ जुलै १९३९ रोजी गांधीजी हा कारखाना पाहायला आले. युद्ध सुरू झाले, परदेशी औषधांची आवक आटली आणि या छोट्या कारखान्याकडे सरकारला वळावे लागले. देशात औद्योगिक संशोधनासाठी मध्यवर्ती संस्था असावी असा आराखडा हमीद यांनी मांडला होता. १९४२ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली तिच्यामागे त्यांचाही हात होता. या परिषदेचे नाव पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

फाळणीच्या वेळी त्यांनी मुंबई सोडली नाही. ते राष्ट्रवादी विचारांचे होते आणि मुंबईच्या विधान परिषदेत बरीच वर्षे होते. 'आमच्यातले कर्तबगार लोक सगळे कराचीला गेले' असे एक रडगाणे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बेलासिस रोडवरची ही पाटी तशीच राहिली, हे त्याला एक साधे उत्तर आहे.

स्वातंत्र्यानंतर एक विचित्र परिस्थिती होती. देश आपला, पण औषधांचा कायदा इंग्रजांचाच, १९११ चा. त्या कायद्यानुसार परदेशी कंपनीने एखाद्या औषधाचे पेटंट घेतले की ते औषध इथे दुसऱ्या कुणालाही बनवता येत नसे. मग ती कंपनी इथे कारखाना काढो वा न काढो. अमेरिकेत सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने औषधकंपन्यांची चौकशी केली तेव्हा असे निघाले की भारतासारख्या गरीब देशात काही औषधांच्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींपैकी आहेत. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात दाखवून दिले की देशातील बहुसंख्य पेटंटे परदेशीयांची आहेत आणि त्यातली बहुतेक इथे वापरातच आणलेली नाहीत. म्हणजे पेटंट हे शोधाचे बक्षीस उरले नव्हते, ते दाराला लावलेले कुलूप झाले होते.

१९६० मध्ये हमीद यांचे चिरंजीव यूसुफ केंब्रिजहून परतले. रसायनशास्त्राचे नोबेल मिळवलेल्या अलेक्झांडर टॉड यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती. १९६१ मध्ये देशी औषधनिर्मात्यांची संघटना उभी राहिली आणि कायदा बदलण्याची मागणी जोर धरू लागली. १९७० चा पेटंट कायदा संसदेत संमत झाला, २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. त्यात एक बारीक पण निर्णायक तरतूद होती. औषधाच्या रेणूवर पेटंट मिळणार नाही; तो बनवण्याच्या रीतीवर मिळेल, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षे.

हे नीट समजावून घ्यायला हवे. बिर्याणी या पदार्थावर एकाची मालकी, म्हणजे इतरांनी ती कोणत्याही तऱ्हेने शिजवायची नाही, हा झाला जुना कायदा. नवा कायदा म्हणाला, मालकी फक्त तुमच्या पाककृतीची. दुसऱ्या कुणी वेगळ्या रीतीने तोच पदार्थ शिजवला तर तुम्ही हरकत घेऊ शकत नाही. रसायनशास्त्रात तोच रेणू दुसऱ्या वाटेने तयार करणे हे खरे कौशल्याचे काम असते. त्याला कुणी नक्कल म्हणो, पण पाचसहा टप्प्यांची वेगळी वाट शोधणे, तीत वाया जाणारा माल कमी करणे, ग्रॅमवरून शेकडो किलोवर जाणे हे पदवी भिंतीला टांगून होत नाही. कायदा अमलात आला आणि दोनच महिन्यांनी, २३ जून १९७२ रोजी, थोरले हमीद निवर्तले.

या नव्या हवेत सरकारी प्रयोगशाळा आणि खासगी कारखाना यांची गाठ कशी पडली याचा एक नमुना आमच्या दारातला आहे. सदाफुली आपल्याकडे अंगणात, कबरस्तानाच्या कडेला, कुठेही उगवते. कॅनडातील शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात तिच्यातून कर्करोगावर चालणारे द्रव्य वेगळे केले. ते व्हिनब्लास्टिन; व्हिनक्रिस्टिन हे याच झाडाचे दुसरे औषध. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना व्हिनक्रिस्टिनने जगवले. पण टनभर वाळल्या पानांतून हाती लागते ते ग्रॅमात मोजण्याइतके, म्हणून किंमत आकाशाला भिडलेली. पुण्याच्या पाषाण भागातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. ए. व्ही. रामाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही द्रव्ये काढण्याची स्वतःची पद्धत बसवली. १९८० च्या दशकात सिप्लाने ती घेऊन देशी औषध बाजारात आणले. ही प्रयोगशाळा त्याच वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची. बापाने ज्या संस्थेचा आराखडा लिहिला तिचे फळ मुलाच्या कारखान्यात आले.

रामाराव पुढे हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे संचालक झाले. ती संस्थाही त्याच परिषदेची. इथून आमच्या कथेचा मुख्य भाग सुरू होतो, पण त्यासाठी आधी अमेरिकेतल्या डेट्रॉइटला जावे लागेल.

जेरोम हॉर्विट्झ नावाचा रसायनशास्त्रज्ञ १९६४ साली तिथल्या कर्करोग संशोधन संस्थेत सरकारी पैशावर काम करीत होता. कर्करोगाच्या पेशीला फसवणारा रेणू त्याने बनवला. त्याचे नाव झिडोव्हुडिन, लोकांच्या तोंडी एझेडटी. उंदरांवर तो चालला नाही. हॉर्विट्झने निराश होऊन तो बाजूला ठेवला. त्याचे पेटंटही घेतले नाही. असाच दुसरा एक रेणू त्याने बनवला, स्टॅव्हुडिन. तोही फळीवर गेला. वीस वर्षांनी एड्सची साथ आली. १९८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने आणि बरोज वेलकम या कंपनीने मिळून पाहिले की एझेडटी या विषाणूला रोखतो. मार्च १९८७ मध्ये औषधाला परवानगी मिळाली. पेटंट कंपनीचे. किंमत वर्षाला आठ ते दहा हजार डॉलर. रुग्ण रस्त्यावर उतरले. सप्टेंबर १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात घुसून त्यांनी निदर्शने केली, मग कंपनीने किंमत २० टक्क्यांनी उतरवली. हॉर्विट्झला यातले काहीही मिळाले नाही. तो २०१२ मध्ये वारला.

कंपनीने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. फळीवरचा रेणू काढून त्याची मात्रा ठरवणे, चाचण्यांना औषध पुरवणे, शुद्धता राखणे, परवान्याचे ढीगभर कागद तयार करणे ही कामे कुणीतरी करावी लागतात आणि त्यांना पैसा लागतो. वाद आहे तो पुढचा: जनतेच्या पैशावर झालेल्या शोधाची किंमत ठरवताना जनतेला काही म्हणता येते की नाही?

दुसऱ्या रेणूचे, स्टॅव्हुडिनचे, काय झाले तेही पाहू. येल विद्यापीठात विल्यम प्रुसॉफ आणि ताई-शुन लिन यांना आढळले की हा रेणूही एड्सच्या विषाणूवर चालतो. विद्यापीठाने पेटंट घेतले आणि ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीला परवाना दिला. १९९४ मध्ये औषध बाजारात आले. विद्यापीठाला कोट्यवधी डॉलरचे मानधन मिळू लागले. अमेरिकेत १९८० पासून कायदाच असा आहे की सरकारी अनुदानावर झालेल्या शोधाचे पेटंट विद्यापीठाने घ्यावे आणि कंपनीला द्यावे, म्हणजे शोध कपाटात न राहता रुग्णापर्यंत जातो. हेतू वाईट नाही. पण शोध कपाटातून निघून तिजोरीत जाऊन बसला तर रुग्णाच्या दृष्टीने फरक काय पडला?

इकडे हैदराबादेत रामाराव यांनी एझेडटी बनवण्याची स्वतःची रीत बसवली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सिप्लाने भारतीय एझेडटी आणले. परदेशी किमतीच्या मानाने ते कितीतरी स्वस्त होते. तरीही खपेना. सरकारकडे पैसा होता तो एड्स ओळखण्यासाठी आणि टाळण्यासाठी, उपचारासाठी नव्हता. यूसुफ हमीद नंतर मुलाखतींतून सांगत की तयार माल टाकून द्यावा लागला.

तो काळ आम्हाला आठवतो. १९९८ च्या सुमारास आमच्या गावात ट्रक चालवणाऱ्या एका तरुणाची मय्यत झाली. घरच्यांनी टीबी सांगितला होता. पण बातमी फुटली आणि गुस्ल द्यायला माणसे मिळेनात. शेवटी मशिदीचे म्हातारे मुअज्जिन आणि मयताचा थोरला भाऊ अशा दोघांनी गुस्ल दिला. जनाजा उचलायला आम्ही होतो, पण त्या दोघांच्या जागी उभे राहायची आमची हिंमत झाली नाही, हे कबूल केले पाहिजे. त्या भावाने नंतर सांगितले की जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तीन औषधांची नावे लिहून दिली होती. घरातले सोने आणि ट्रक विकूनही वर्षभराचा खर्च निघत नव्हता. 'भाईजान, दवा तो थी, हमारे लिए नहीं थी,' हे त्याचे शब्द.

तीन औषधे का, ते सांगायला हवे. हा विषाणू फार लबाड. एकच औषध दिले तर तो काही महिन्यांत रूप बदलून निसटतो. १९९६ पर्यंत सिद्ध झाले की तीन औषधे एकदम दिली तर तो दबतो आणि रुग्ण वर्षानुवर्षे जगतो. पण ही तीन औषधे तीन कंपन्यांची. स्टॅव्हुडिन ब्रिस्टल-मायर्सचे, लॅमिव्हुडिन ग्लॅक्सोचे, नेव्हिरापिन बोरिंगर इंगेलहाइमचे. प्रत्येकाच्या गोळ्या वेगळ्या, बाटल्या वेगळ्या, वेळा वेगळ्या. एकूण खर्च वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर. तिन्ही औषधे एका गोळीत घालावीत ही कल्पना अवघड नव्हती. अवघड होते तीन मालकांना एका ताटात जेवायला बसवणे. भारतात मात्र रेणूवर मालकीच नव्हती. त्यामुळे जे काम न्यू यॉर्क, लंडन आणि जर्मनीतल्या कंपन्यांना जमले नाही ते मुंबईत झाले. सिप्लाने तिन्ही द्रव्ये एका गोळीत बसवली आणि तिला 'ट्रायोम्युन' नाव दिले. सकाळी एक, संध्याकाळी एक.

२८ सप्टेंबर २००० रोजी ब्रुसेल्स येथे युरोपियन कमिशनची बैठक होती. यूसुफ हमीद यांना बोलायला तीन मिनिटे मिळाली. त्यांनी तीन गोष्टी देऊ केल्या. तीन औषधांचा वर्षाचा उपचार ८०० डॉलरला. ज्या सरकारांना स्वतः औषध बनवायचे असेल त्यांना तंत्रज्ञान फुकट. आणि आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारे नेव्हिरापिन फुकट. समोर मंत्री होते, मोठ्या कंपन्यांचे प्रतिनिधी होते. हमीद सांगत की त्यानंतर कुणीही पुढे आले नाही. आम्हाला या प्रसंगात एक गोष्ट नेहमी खटकते. फुकट द्यायला निघालेल्या माणसाकडे पाहून सभागृह गप्प का बसले? बहुधा त्या आकड्याने सगळ्यांची पंचाईत केली होती. आठशे डॉलरला औषध देता येत असेल तर उरलेले दहा हजार कशाचे, हे कुणीतरी विचारणार होते.

फेब्रुवारी २००१ मध्ये दुसरा आकडा आला. 'सीमांविना डॉक्टर' या संस्थेला सिप्लाने हाच उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. दिवसाला एक डॉलरहून कमी. सरकारांसाठी ६०० डॉलर. ७ फेब्रुवारीच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये ही बातमी पहिल्या पानावर आली. मोठ्या कंपन्यांकडून 'चाचे' हा शब्द वापरला गेला. अमेरिकेच्या परदेशी मदत खात्याच्या प्रमुखाने तर त्याच वर्षी असे विधान केले की आफ्रिकेतल्या बऱ्याच लोकांना घड्याळाची वेळ कळत नाही, मग ते वेळच्या वेळी गोळ्या कशा घेणार! पाच वक्ताच्या नमाजाची वेळ सूर्य पाहून ठरवणाऱ्यांची लेकरे आम्ही; आम्हाला हे वाचून हसावे की रडावे ते कळेना. पुढच्या काही वर्षांत अभ्यास झाले तेव्हा आफ्रिकी रुग्ण अमेरिकी रुग्णांपेक्षा गोळ्या चुकवत नाहीत, उलट अधिक नेमाने घेतात असे दिसले.

त्याच महिन्यांत दोन गोष्टी घडल्या. येलच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाला जाब विचारला, की आपल्या प्रयोगशाळेतला शोध आफ्रिकेत पोहोचत का नाही. खुद्द प्रुसॉफ त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी तसे वर्तमानपत्रात लिहिले. मार्च २००१ मध्ये ब्रिस्टल-मायर्सने जाहीर केले की दक्षिण आफ्रिकेत स्टॅव्हुडिनचे पेटंट आम्ही रेटणार नाही. दुसरी गोष्ट प्रिटोरियाच्या न्यायालयातली. नेल्सन मंडेलांच्या सरकारने १९९७ मध्ये स्वस्त औषधे आणता यावीत असा कायदा केला, त्याविरुद्ध ३९ कंपन्यांनी खटला भरला होता. १९ एप्रिल २००१ रोजी त्यांनी तो मागे घेतला. नोव्हेंबरमध्ये दोहा येथे जागतिक व्यापार संघटनेने मान्य केले की पेटंटाचे नियम लोकांच्या आरोग्याच्या आड येऊ नयेत. हे सर्व एका गोळीमुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. रुग्णांच्या संघटना, डॉक्टर, वकील, विद्यार्थी यांनी वर्षानुवर्षे डोके आपटले होते. पण मागणीला आकडा नव्हता, तो मुंबईने दिला.

आता थोडे आपल्यातल्या भोळ्या लोकांसाठी. यूसुफ हमीद यांना 'मसीहा' ठरवून मोकळे व्हायची घाई काहींना होते. सिप्ला ही धर्मादाय संस्था नव्हती. तो धंदा होता आणि नफ्यात होता. दम्याच्या फवाऱ्यापासून प्रतिजैविकांपर्यंत तिचा पसारा होता आणि औषधांच्या किमतीवरील नियंत्रणावरून सरकारशी तिचे खटले वर्षानुवर्षे चालले. खुद्द ट्रायोम्युनमधले स्टॅव्हुडिन पुढे त्रासदायक ठरले. हातापायांत मुंग्या, चेहऱ्यावरची चरबी झडून गाल बसणे असे परिणाम दिसू लागले आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा वापर बंद करत जावा असा सल्ला दिला. म्हणजे गरिबाला स्वस्त मिळाले ते सर्वांत चांगले होते असे नाही. पण त्या मधल्या आठ-नऊ वर्षांत जे जगले ते याच गोळीवर जगले. २००३ ते २००८ या काळात गरीब देशांनी मदतनिधीतून घेतलेल्या एड्सच्या औषधांपैकी ८० टक्क्यांहून अधिक औषधे भारतीय कारखान्यांची होती. त्यात सिप्ला एकटी नव्हती, हेही सांगायला हवे.

आणि आपल्या देशाचे काय? ३५० डॉलर म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे १६ हजार रुपये. मजुरी करणाऱ्याला तेही शक्य नव्हते. औषध मुंबईत बनत होते, युगांडाला जात होते, आणि सांगलीच्या, भिवंडीच्या रुग्णाला परवडत नव्हते. इथे पेटंटाचा दोष नव्हता, दोष आपल्या सरकारचा आणि आपल्या सगळ्यांचाच होता, कारण या रोगाचे नाव घ्यायला कुणी तयार नव्हते. अखेर १ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. देशभरात प्रथम जी आठ केंद्रे निवडली त्यात मुंबईचे जे. जे. इस्पितळ होते. त्यानंतर नऊच महिन्यांनी, १ जानेवारी २००५ ला, जागतिक व्यापार कराराप्रमाणे भारतात रेणूवरचे पेटंट परत आले. जुन्या औषधांना धक्का लागला नाही. नव्यांना कुलूप लागले. जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवे पेटंट मागता येणार नाही अशी एक अट संसदेने घातली, तेवढी खिडकी उघडी राहिली.

सध्या एड्सपासून सहा महिने बचाव करणारे लेनाकापाविर हे इंजेक्शन चर्चेत आहे. अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या घरात. मूळ कंपनीने २०२४ मध्ये सहा कारखान्यांना १२० देशांसाठी परवाने दिले, त्यात भारतीय कारखाने आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात त्यातल्या दोघांनी ते २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरला देण्याचे जाहीर केले. आता परवाना मागून मिळतो, हिसकावून घ्यावा लागत नाही. मात्र कोणते देश त्या यादीत बसतात हे परवाना देणाराच ठरवतो.

आमच्या गावच्या त्या ट्रकवाल्याची बायको २००५ मध्ये जे. जे.मध्ये नाव नोंदवून आली. दर महिन्याला ती एसटीने मुंबई सेंट्रलला उतरे आणि बेलासिस रोडने चालत इस्पितळात जाई. रिक्षा त्या भागात नाहीत आणि टॅक्सीला पैसे नसत. पुढे जिल्ह्यातच केंद्र निघाले तेव्हा मुंबईची फेरी सुटली. तिच्या मुलाचे लग्न झाले तेव्हा दावतीला आम्ही होतो. पंगतीत वाढणाऱ्यांत तिचा थोरला दीर होता, ज्याने गुस्ल दिला होता तो.